साहेबांची जीभ

अठ्ठ्याहत्तर साल. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. वय आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की जाऊ द्या, पोरवय होतं, समज नव्हती. समज होती. दोन लेकींची लग्नं लावून झाली होती.

शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही पुरी नाही. पण द्राक्षाच्या बागेत पंधरा वर्षं काढलेली. काडी कुठं छाटायची हे मला शिकलेल्या माणसांनी बांधावर उभं राहून विचारलेलं आहे. फुशारकी नाही, झालं ते सांगतो. तर असा मी, त्या सालाच्या चार-पाच वर्षं आधी, देवळालीच्या रस्त्याला साहेबांच्या बंगल्यावर माळी म्हणून गेलो, आणि पहिल्या दिवशी साहेब मला विचारतात काय, तर "झाडाला पाणी घालता येतं का?"

मला रागच आला. म्हटलं, "साहेब, पाणी घालायला काय यावं लागतं?"

"तेच तर कोणाला येत नाही," साहेब म्हणाले, आणि आत जाऊन चहा सांगितला.

साहेब रेल्वेतून निवृत्त झालेले. हुद्दा काय होता ते इंग्रजीत होतं, पण काम मला नीट कळलं होतं. वाफेच्या इंजिनाला जड पाणी पाजलं की बॉयलरला आतून पांढरा दगडासारखा थर धरतो. आपल्या चहाच्या पातेल्याला धरतो तसाच, पण इंजिनाला तो महागात पडतो. म्हणून कुठल्या स्टेशनचं पाणी इंजिनाला चालेल, कुठलं नाही, हे साहेबांनी जन्मभर तपासलं. निम्मी नोकरी मनमाडला. मनमाडच्या पाण्याचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करायचे. आधी बाटल्या घेऊन तपासायचे, पण तीस वर्षांत असं झालं की बाटली लागेना. घोट घ्यायचे, तोंडात इकडून तिकडं फिरवायचे, बाजूला थुंकायचे आणि सांगायचे. आणि ते खरं निघायचं.

हे थुंकणं कुठंही चालायचं. कोणाच्या घरी गेले की चहाच्या आधी पाणी मागणार, चूळ फिरवून अंगणात थुंकणार आणि मग म्हणणार, "आता चहा टाका." बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, त्यांनी लोकांकडं जाणंच कमी केलं होतं. मला म्हणायच्या, "भाऊ, यांना पाहुण्यांत न्यायचं म्हणजे लहान मूल न्यायचं. मूल तरी मोठं होतं."

माझ्या धाकटीच्या लग्नाला साहेब निफाडच्या बाजूला आमच्या गावी आले होते. पंगतीत बसले. समोर पेला आला. घोट घेतला, मान वळवून मागं पिचकारी टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे दोन विहिरींचं पाणी आहे. एक तुझी. दुसरी कोणाची रे?"

माझ्या भावाचा चेहरा उतरला. त्यानं पहाटे शेजाऱ्याच्या विहिरीवरून बैलगाडीत दोन पिंपं भरून आणली होती, न विचारता. त्या शेजाऱ्याशी आमचं बांधावरून कोर्टात चाललं होतं, आणि तो माणूस तरीही अक्षता टाकायला आला होता. साहेबांच्या समोरच्याच पानावर बसलेला. शेजारी हसला आणि म्हणाला, "माझीच आसंल. आरं, लेकीच्या लग्नाला पाणी लागलं तर मागून न्यायचं की. म्या काय नाय म्हनलो असतो व्हय?" भाऊ पंगतीत वाढायचा थांबला तो गेलाच मागं. मी मात्र त्या दिवशी साहेबांवर चिडलो होतो. चोरी पकडली म्हणून नाही, माझ्या मांडवात पकडली म्हणून.

आता त्या झाडांचं सांगतो. बंगल्यामागं एक मांडव होता, वर बांबूच्या कामट्या, चारी बाजूंनी गोणपाट. उन्हाळ्यात ते गोणपाट ओलं ठेवायचं. आत साठ-सत्तर कुंड्या ऑर्किडच्या. त्यातही एकच जात, जिचं फूल खाली सपातेसारखं असतं. पुढं बंद आणि वरून पाय घालायला जागा ठेवल्यासारखं. माझी बायको बघायला आली तेव्हा "वहाणेचं फूल" म्हणाली, तर साहेबांनी तिला बसवून समजावलं की वहाण वेगळी, सपाता वेगळी. ती घरी येऊन म्हणाली, "तुमचे साहेब चांगले हायेत, पण थोडे असे हायेत." आणि हात हवेत हलवून दाखवला.

मला झाडांना हात लावायच्या आधी साबणानं हात धुवावे लागत. तंबाखूची चंची बाहेर भिंतीवर ठेवायची. तंबाखूतला रोग हातावरून झाडाला जातो म्हणे. मी ठेवायचो, पण मनातून नाही.

आणि पाणी. विहीर होती, मोटर होती, धो-धो पाणी होतं, तरी या झाडांना विहिरीचा थेंब चालत नव्हता. विहिरीचं पाणी जड. बाईंची डाळ त्यात शिजत नव्हती, साबणाला फेस यायचा नाही. म्हणून छपराचं पावसाचं पाणी पत्र्याच्या पन्हळीनं एका सिमेंटच्या टाकीत घेतलेलं. ती पावसाळ्यात भरली की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पुरवायची. तेवढंच पाणी या कुंड्यांना.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग साहेब त्यातल्या निम्म्या कुंड्यांना चमच्यानं शिंपल्याचा चुरा घालायचे. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो तो. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून कोंबड्यांना देतात. ज्या कुंडीला पांढरा दोरा बांधलेला, तिला वर्षातून दोनदा चहाचा एक चमचा. लाल दोऱ्याच्या कुंडीला अजिबात नाही.

मी विचारलं, "हे काय म्हणून?"

"कॅल्शियम. पांढऱ्या दोऱ्याच्यांचं माहेर चुनखडीच्या डोंगरावर आहे. लाल दोऱ्याच्या पालापाचोळ्यातल्या. जिला जे माहेरी मिळायचं ते सासरी द्यावं लागतं."

"म्हणजे चुनाच की."

"चुना नाही. चुना दिलास तर मुळं भाजतील. हे हळूहळू विरघळतं."

"आमच्यात लेकरांना चुन्याची निवळी देतात साहेब, कोणी भाजलं नाही. आणि तुमच्या विहिरीत चुनाच चुना आहे, पातेल्याचं बूड बघा. मग ते फुकटचं पाणी सोडायचं, पावसाचं साठवायचं आणि वरून कोंबडीचं खाद्य विकत आणून त्यात चुना घालायचा? हे कुठलं शास्त्र?"

साहेब रागावले नाहीत. त्यांना असं कोणी भांडलेलं आवडायचं. म्हणाले, "माळीबुवा, विहिरीतून चुना एकटा येतो का? मीठ येतं, सोडा येतो. जेवायला एकाला बोलवायचं असेल तर त्याचं सगळं वऱ्हाड बोलवायचं नाही. पाणी उडून जातं, वऱ्हाड कुंडीतच राहतं. मुळं कोणाकोणाला पोसतील?"

मला पटलं होतं. तेव्हाच पटलं होतं. पण मी म्हटलं, "बघा बुवा, तुमची झाडं." आणि पुढं जो भेटेल त्याला सांगत सुटलो की साहेब झाडांना कोंबडीचं खाद्य घालतात.

पाण्याच्या बाटल्या लोक त्यांच्याकडं कुठून कुठून आणायचे. येवल्याहून एक रंगारी यायचा, पैठणीच्या रेशमाला रंग नीट का धरत नाही म्हणून विचारायला. सुरगाण्याकडून एक मास्तर दर वर्षी झऱ्याचं पाणी आणायचे, नुसतं साहेबांना प्यायला मिळावं म्हणून. ते एकच पाणी साहेब थुंकत नसत. गिळायचे आणि डोळे मिटून बसायचे. बाई म्हणायच्या, "लोक दारूनं करतात असं."

टाकीला चीर पडली ती अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, अगदी तळाशी. साहेब म्हणाले, गवंडी बोलव. मी म्हटलं, "गवंडी कशाला? मी आहे की." मी घरची ओसरी स्वतः बांधलेली माणूस. एक दिवस टाकी उपसली, चीर खरवडली, सिमेंट भरलं. नंतरच्या पावसात टाकी काठोकाठ भरली. साहेबांनी पाठीवर हात मारला. "हुशार आहेस," म्हणाले. ते "हुशार आहेस" मी महिनाभर अंगावर वागवत होतो.

दिवाळीनंतर एक दिवस झाकण उघडलं तर आत हातभर पाणी. चीर माझ्या सिमेंटच्या खालून उघडली होती आणि पाणी जमिनीत गेलं होतं, गवगवा न करता. वर्षाचं पाणी.

साहेब त्या वेळी आजारी होते. थंडीनं खोकला धरला, गुडघे आखडले, महिना-दीड महिना ते मांडवाकडं आलेच नाहीत. नाहीतर दर आठवड्याला टाकीचा एक घोट व्हायचाच. मी पुन्हा चीर भरली. या खेपेला सिमेंट धरलं, धरायचं तेव्हा धरलं नव्हतं. मग मोटर चालू केली आणि विहिरीच्या पाण्यानं टाकी भरून टाकली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. साहेब कोणावर ओरडणारे नव्हते. कुठून तरी हलकं पाणी आणलं असतं, कुंड्या जगवल्या असत्या. एवढंच म्हणाले असते, की गवंडी बोलवला असता तर बरं झालं असतं. आणि ते मला ऐकायचं नव्हतं. याच्यापलीकडं काहीही कारण नाही. मी किती वर्षं शोधलं, दुसरं कारण सापडत नाही.

संक्रांतीपर्यंत पानांची टोकं तपकिरी झाली, काडी लावल्यासारखी. कुंडीच्या काठाला पांढरी पूड दिसू लागली. एका पांढऱ्या दोऱ्याच्या कुंडीला कळी आली होती. ते झाड साहेबांच्या एका मित्रानं आसामकडून शेवाळात गुंडाळून पाठवलेलं, तेव्हा बोटाएवढं होतं. पाच वर्षांनी पहिली कळी. साहेब अंथरुणातून रोज विचारायचे, "किती वाढली?" मी बोटांनी दाखवायचो. एका सकाळी ती पिवळी पडून देठातून वाकली होती. त्या दिवशी साहेब काठी टेकत मांडवात आले.

कळी बघितली. पानं बघितली. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "टाकीतलं पाणी दे."

मी पेला भरून दिला. त्यांनी घोट घेतला, फिरवला, थुंकले.

"हे विहिरीचं आहे."

"नाही साहेब, टाकीतलं आहे. तुमच्या समोर काढलं."

"टाकीतून काढलंस ते दिसलं. टाकीत काय आहे?"

"पाऊस. दुसरं काय असणार?"

त्यांनी पुन्हा घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली नाही. नजर खाली न घालणं मला चांगलं जमतं.

बाई दारात उभ्या होत्या. त्या बिचाऱ्या सरळ मनानं म्हणाल्या, "अहो, महिनाभर तोंडाला चव नाहीये तुमच्या. परवा अळणी वरणाला खारट म्हणालात."

"ते वेगळं," साहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग म्हणाले, "माझी जुनी बाटली काढा. साबणाची. आणि तू टाकीतलं पाणी भरून आण."

ती तपासणी अशी असते. बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचं पाणी थेंब थेंब टाकायचं, हलवायचं. हलक्या पाण्याला चार-दोन थेंबांत फेस येतो. मग बाटली आडवी ठेवायची आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बघायचं. फेस टिकला तर पाणी हलकं. जड पाणी कितीही थेंब खातं आणि फेस मोडून टाकतं.

मी बाटली घेऊन मांडवाच्या मागं गेलो. टाकी तिथंच होती. आणि चार पावलांवर, मागच्या वळचणीखाली, बाईंचं पिंप होतं. केस धुवायला म्हणून त्या पावसाचं पाणी झाकून ठेवायच्या. अर्धं शिल्लक होतं. मी बाटली पिंपातून भरली.

साहेबांनी थेंब टाकले. एक, दोन, तीन. हलवली. फेस उभा राहिला, दुधाच्या सायीसारखा. बाटली आडवी ठेवून ते मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसले. मी समोर उभा होतो. पाच मिनिटं हा पुष्कळ वेळ असतो. त्यात माणूस सहज बोलू शकतो. फेस जागचा हलला नाही आणि मीही हललो नाही.

"हलकं आहे," साहेब म्हणाले. "पाऊसच आहे."

त्यांनी पेल्यातलं पाणी तिसऱ्यांदा तोंडात घेतलं. या वेळी थुंकले नाहीत, गिळलं. "मला अजून विहिरीचंच लागतंय," ते बाईंकडं बघून म्हणाले, आणि असे हसले की बाईंनी तोंड फिरवलं. "म्हणजे जीभ गेली."

मग कुंडीतली पांढरी पूड बोटावर घेऊन म्हणाले, "चुरा जास्त पडला असणार. हात चुकला माझा. तू सांगत होतास."

आणि मी, हा मी, त्यांना म्हणालो, "मी म्हणतच होतो साहेब."

जे केलं त्यातलं सगळ्यात वाईट कोणतं असं कोणी विचारलं, तर टाकी नाही, बाटली नाही. ते वाक्य.

साहेब त्यानंतर सहा वर्षं जगले. पुढच्या पावसाळ्यात टाकी खऱ्या पाण्यानं भरली, जी झाडं उरली होती त्यांनी नवी पानं काढली, आणि साहेब लोकांना सांगू लागले की शिंपल्याचा चुरा बंद केला म्हणून झाडं सुधारली, कोणी घालू नका. पांढऱ्या दोऱ्याच्या कुंड्या चुऱ्यावाचून वर्षा-वर्षाला बारीक होत गेल्या, पण त्याचं कारण त्यांनी म्हातारपण धरलं, झाडांचं आणि स्वतःचं. कोणाकडं गेले तर मुकाट्यानं चहा प्यायचे. सुरगाण्याचे मास्तर झऱ्याचं पाणी घेऊन आले तेव्हा पेला हातात घेऊन म्हणाले, "छान असेल." बाईंना पाहुण्यांत जायला आता अडचण नव्हती. त्या एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, पूर्वी थुंकायचे तेच बरं होतं हो."

मी तिथंच काम करत राहिलो. पगार घेत राहिलो. साहेब गेले, मग बाई गेल्या. दोघांपैकी कोणालाही मी सांगितलं नाही.

पण मघाची ती तपासणी झाली, त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली.

नांदगावकडचा एक शेतकरी आठवड्यापूर्वी बाटली ठेवून गेला होता. नवी विहीर खणलेली, पाणी लागलं होतं, द्राक्ष लावावी की नाही एवढंच त्याला विचारायचं होतं. मी त्याला बजावलं होतं की साहेब आजारी आहेत. तो म्हणाला होता, "मंग थांबतो ना. साहेब हो म्हनले तर लावतो, नाय म्हनले तर ज्वारी हायेच. दुसऱ्या कोनाचं आपन ऐकत नाय." साहेबांनी आतून सांगितलं होतं, चव आली की पत्र टाकतो.

त्या संध्याकाळी साहेबांनी ती बाटली काढली. वाटीत थोडं ओतलं. तोंडाजवळ नेलं आणि तसंच खाली ठेवलं. साबणाची बाटली टेबलावरच होती, तिनं काय ते कळलं असतं. पण त्यांनी तिला हात लावला नाही. "साबण जडपणा सांगतो," म्हणाले. "मीठ किती ते सांगत नाही. द्राक्षाला मिठाचंच बघावं लागतं. ते मी जिभेनं सांगत होतो."

मी दारात उभा होतो. म्हटलं, "साहेब, बघा की एकदा. येईल चव."

"आणि चुकलं तर? त्याची बाग जाईल." त्यांनी वाटी मोरीत ओतली. पोस्टकार्ड घेतलं आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर माझ्याकडं दिलं. "सकाळी येताना टाक." मग मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "खरं सांग. तुला ते पाणी कसं लागलं होतं? टाकीतलं?"

"गोड, साहेब."

"हं," ते म्हणाले. "बरं झालं. निदान झाडांचं पाणी तरी नीट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टाच्या पेटीपाशी थांबलो. मला अक्षर लावून लावून वाचावं लागतं, पण साहेबांचं अक्षर मोठं होतं. लिहिलं होतं, "आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. माझी जीभ आता भरवशाची राहिलेली नाही. यापूर्वी आपल्याला व आपल्या गावात इतरांना जे सांगितलं असेल, तेही दुसऱ्याकडून तपासून घ्यावं ही विनंती."

दोनदा वाचलं. शेवटची ओळ तिसऱ्यांदा. मागं एक बाई पाकीट घेऊन येऊन उभी राहिली. थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "टाकताय ना भाऊ? पोस्टमन येईल आता."

"हो, हो," मी म्हटलं, आणि टाकलं. मग बंगल्यावर गेलो, चंची भिंतीवर ठेवली, साबणानं हात धुतले आणि झाडांना पाणी घातलं. टाकीतलंच.